लॅमिंग्टन रोडचे डेटाबेसवाले काका : काम एक नंबर, जिना मात्र जीवघेणा

आधीच सांगून टाकतो, दुकानाचं नाव लिहिणार नाहीये. काकांनीच दम दिलाय की नेटवर नाव टाकलंस तर पुढच्या वेळी दारातूनच परत पाठवीन, एकटा माणूस आहे, लाईन लागली तर मला झेपणार नाही. त्यामुळे फक्त खुणा सांगतो. ग्रँट रोड स्टेशनला ईस्टला उतरायचं, लॅमिंग्टन रोडला लागायचं (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा, तो तुमच्याच तोंडाकडे बघेल), आणि रॅम-हार्डडिस्क विकणाऱ्या कुठल्याही जुन्या दुकानदाराला विचारायचं की बॅकअप रिस्टोअर करणारे (म्हणजे बॅकअपमधून डेटा परत चढवणारे) काका कुठे बसतात. तीनपैकी एकाला तरी माहीत असतं. मलाही तसंच कळलं. रेटिंग पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच.

आता मी कोण आणि माझं काय अडलं होतं. मी प्रिन्सेस स्ट्रीटला औषधांच्या होलसेल दुकानात आहे, बिलिंग, स्टॉक, जीएसटी, कॉम्प्युटर जे काय असेल ते सगळं माझ्याच गळ्यात. बिल्डिंग जुनी, आणि यंदा जुलैच्या पहिल्याच जोरदार पावसात वरच्या मजल्यावरून गळती सुरू झाली ती नेमकी टेबलाखालच्या सीपीयूवर, रात्रभर थेंब थेंब. सकाळी शटर उघडलं तर सीपीयूखाली तळं आणि बटण दाबलं तर मुका. हार्डडिस्कही गेली, ते नंतर कळलं.

पण मी रोज संध्याकाळी दुकान बंद करताना सॉफ्टवेअरमधलं बॅकअपचं बटण दाबतो आणि फाईल पेनड्राईव्हवर घेऊन घरी कांदिवलीला नेतो. गेली ६ वर्षं. लोक हसायचे. म्हणजे माझ्याकडे आदल्या रात्रीची फाईल होती, १.३ जीबीची, नावाच्या शेवटी डॉट बॅक (.bak). शेठनी फक्त एकच विचारलं, उधारी गेली की राहिली तेवढं सांग. मी छाती ठोकून म्हटलं राहिली. नवीन मशीन दुपारपर्यंत आलं, आणि मी सॉफ्टवेअर कंपनीला फोन लावला, कारण आपली एएमसी (वर्षाचं मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट) आहे, पैसे भरलेत, त्यांनी करून द्यायचं.

कंपनीचं नावही लिहीत नाही. त्यांचा मुलगा रिमोटवर आला, नवीन मशीनवर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस २०१९ (डेटा सांभाळणारं सॉफ्टवेअर) टाकलं, मॅनेजमेंट स्टुडिओ (ते हाताळायचा प्रोग्रॅम) टाकला, माझी फाईल डेस्कटॉपवर ठेवली आणि रिस्टोअर मारलं. लाल एरर. परत मारलं, परत लाल. मग फाईल कट करून दुसरीकडे टाकली, तरी तेच. मग डी ड्राईव्हवर राईट क्लिक करून काहीतरी एव्हरीवन, फुल कंट्रोल वगैरे दिलं, मशीन रीस्टार्ट केलं, आणि पाऊण तासाने चॅटवर लिहिलं की सर बॅकअप करप्ट आहे, डेटा रिकव्हरीला द्यावा लागेल, आमचे पार्टनर आहेत, १८,००० होतील, गॅरंटी नाही. तारीख ९ जुलै. ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) भरायची. जूनची सगळी बिलं त्या फाईलीत. शेठसमोर ठोकलेल्या छातीत आता खरंच कळ यायला लागली.

मला एक गोष्ट खटकत होती पण, की करप्ट आहे तर मग एररमध्ये करप्ट असा शब्द कुठेच का नाही? मी मोबाईलवर फोटो काढून ठेवला होता. त्यात ३२०१ नंबर होता, कॅनॉट ओपन बॅकअप डिव्हाईस, मग फाईलचा लांबलचक पत्ता, आणि शेवटी ऑपरेटिंग सिस्टिम एरर ५, अ‍ॅक्सेस इज डिनाईड. माझं इंग्रजी काही फार भारी नाही पण डिनाईड म्हणजे नाकारलं एवढं कळतं. कोणी कोणाला नाकारलं ते कळत नव्हतं.

तर दुसऱ्या दिवशी लॅमिंग्टन रोड. जिना लाकडी, अंधारा, उंच पायऱ्या, कठड्याला दोरी बांधलेली, लिफ्टचा प्रश्नच नाही. दुसऱ्या मजल्यावर ८ बाय १० ची खोली, तीन मॉनिटर, एक जुना सीलिंग फॅन, आणि काका. साठीचे असतील. बोर्ड नाही, काही नाही. कुठल्याशा कारखान्यात ईडीपी डिपार्टमेंटला (म्हणजे कॉम्प्युटर विभागात) होते म्हणे, कारखाना बंद झाल्यावर हे सुरू केलं. आत एक कॉलेजची मुलगी आधीच बसली होती, तिचं वेगळंच काहीतरी चाललेलं, पोस्टग्रेसचा (तो पण एक डेटाबेस) डम्प, म्हणजे सगळा डेटा उतरवलेली फाईल, मित्राच्या लॅपटॉपवरून आणला आणि आपल्याकडे चढवताना रोल डज नॉट एक्झिस्ट, रोल डज नॉट एक्झिस्ट अशी पानभर रांग. काका तिला म्हणाले, अगं तुझ्या मित्राच्या मशीनवर जो मालक होता तो तुझ्याकडे नाहीच आहे, मग टेबल कोणाच्या नावावर करणार बिचारं? पीजी रिस्टोअरला नो-ओनर लाव, नो-प्रिव्हिलेजेस लाव, सगळं तुझ्याच नावावर चढेल. तिने तिथेच मारलं, चढलं, काकांनी तिच्याकडून पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाले जाताना खाली चहावाल्याला दोन कटिंग सांगून जा.

मग माझा नंबर. मी सगळी रामकहाणी सुरू केली, गळती, शेठ, जीएसटी. काकांनी हात वर केला. म्हणाले, गोष्ट नको सांगू, एरर दाखव. मी वाचून दाखवायला लागलो तर म्हणाले वाचू पण नकोस, फोटो दे. लोक वाचताना नंबर गाळतात. फोटो झूम केला, दोन सेकंद बघितलं.

"हे ५ आहे. ५ म्हणजे परवानगी. करप्ट कोण म्हणालं?"

मी सांगितलं कोण म्हणालं आणि किती मागितले. काका हसले नाहीत. म्हणाले, फाईल सडलेली असती तर ३२४१ आला असता, मीडिया फॅमिली इनकरेक्टली फॉर्म्ड म्हणतो तो, किंवा ३१८३, अमुक पेजवर एरर सापडली असं पेजच्या नंबरासकट सांगतो. इथे तर त्याने फाईल उघडलीच नाहीये, मग आत काय सडलंय ते त्याला कसं कळणार? पेनड्राईव्ह दे. त्यांनी माझी फाईल स्वतःच्या मशीनवर घेतली, रिस्टोअर व्हेरिफाय-ओन्ली मारलं, आणि पाच-सहा मिनिटांनी उत्तर आलं, बॅकअप सेट व्हॅलिड आहे. अक्षरशः घाम सुटला, सुटकेचा. काका लगेच म्हणाले उड्या मारू नको, व्हॅलिड म्हणजे फाईल पूर्ण आहे आणि वाचता येतेय एवढंच, खरी खात्री रिस्टोअर झाल्यावर.

मग मी विचारलं की काका, मी ॲडमिनिस्ट्रेटर आहे ना त्या मशीनवर, माझीच फाईल, माझाच डेस्कटॉप, मग मला कोण नाकारतंय? यावर त्यांनी जे सांगितलं ते मला त्या कंपनीच्या मुलाने सहा वर्षांत सांगितलं नव्हतं. म्हणाले, तुला कोणीच नाकारत नाहीये रे. तू फक्त ऑर्डर देतोस. फाईल उघडायला जातो तो एसक्यूएल सर्व्हर, आणि तो तुझ्या नावाने नाही जात, त्याच्या स्वतःच्या नावाने जातो. त्याचं वेगळं खातं असतं विंडोजमध्ये, एनटी सर्व्हिस आणि पुढे एमएसएसक्यूएल डॉलर एसक्यूएल एक्सप्रेस असं नाव. तुमच्याकडे सोसायटीत कसं, पार्सल तू मागवलंस, फ्लॅट तुझा, पण वॉचमन गेटवर अडवतो डिलिव्हरीवाल्याला, कारण रजिस्टरमध्ये त्याचं नाव नाही. तू खिडकीतून किती ओरडलास की मी मालक आहे, तरी आत यायचंय त्याला. तुझ्या डेस्कटॉपच्या फोल्डरला तू, ॲडमिनिस्ट्रेटर आणि सिस्टिम एवढ्यांनाच परवानगी, या बिचाऱ्याला नाही.

आणि मग मला आठवलं की रिस्टोअरच्या वेळी फाईल शोधायची जी खिडकी उघडते ना मॅनेजमेंट स्टुडिओत, तिच्यात माझा डेस्कटॉप रिकामा दिसत होता! फाईल समोर दिसतेय आणि त्या खिडकीत नाही. त्या मुलाने शेवटी पत्ता हाताने टाईप केला होता. काका म्हणाले बरोबर, ती खिडकी तुझ्या डोळ्यांनी बघत नाही, सर्व्हिसच्या डोळ्यांनी बघते. तिथे दिसत नसेल तर तिथेच समजायचं.

काका रिमोट घेत नाहीत. एनीडेस्क वगैरे अजिबात नाही, मशीन घेऊन ये म्हणतात. हा एक मोठा मायनस आहे, लिहून ठेवा. आणि दुसरी अट, शेठचं लेटरहेडवर पत्र, की मशीन आमचं, डेटा आमचा, काम करायला आमची हरकत नाही. मला आधी नाटक वाटलं. पण पुढे जे करायचं होतं ते बघितल्यावर पटलं.

दुपारी परत आलो, पत्र घेऊन, सीपीयू प्लास्टिकमध्ये गुंडाळून, काळी-पिवळीच्या मागच्या सीटवर मांडीवर धरून, बाहेर पाऊस. आणि तो जिना. सीपीयू घेऊन. बास, अर्धा स्टार तिथेच गेला.

मशीन चालू केल्यावर आधी वेगळीच अडचण. एसएचा (एसक्यूएलमधलं सगळ्यात मोठं खातं) पासवर्ड कंपनीच्या मुलाने स्वतः ठेवलेला आणि मला दिलेला नाही, फोन लावला तर टिकट लॉग करा. माझ्या विंडोजच्या नावाने आत जाता येत होतं पण रिस्टोअर मारलं की एरर २६२, क्रिएट डेटाबेस परमिशन डिनाईड इन डेटाबेस मास्टर. म्हणजे हे आता दुसरं दार. विंडोजने फाईलला परवानगी देणं वेगळं आणि एसक्यूएलने तुम्हाला डेटाबेस बनवायची परवानगी देणं वेगळं, त्यासाठी एसक्यूएलच्या आतला डीबी क्रिएटर (डेटाबेस बनवायचा हक्क) किंवा सिसॲडमिन (सगळे हक्क) लागतो, आणि मशीनचे ॲडमिन असलात म्हणजे एसक्यूएलचे ॲडमिन झालात असं नसतं. ॲडमिन असून ॲडमिन नाही.

इथे काका काय करतायत ते मी खुर्ची ओढून बघितलं. आधी बिलिंग सॉफ्टवेअरची जी सर्व्हिस मागे चालू असते ती बंद केली. मग कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये जाऊन स्टार्टअप पॅरामीटरमध्ये मायनस एम टाकलं आणि एसक्यूएल रीस्टार्ट केलं. त्याला सिंगल युजर मोड म्हणतात, एकाच माणसाला आत घेतो, आणि त्या मोडमध्ये जो मशीनचा ॲडमिन असेल त्याला सिसॲडमिन मानतो. सॉफ्टवेअरची सर्व्हिस आधी बंद का केली विचारलं तर म्हणाले, नाहीतर एकमेव खुर्ची तीच पळवते आणि आपण बाहेर. विरारच्या लोकलमध्ये विंडो सीट कशी जाते तसं. मग रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटरने आत शिरून माझं विंडोजचं नाव सिसॲडमिनमध्ये घातलं, मायनस एम काढलं, परत नॉर्मल चालू. सात-आठ मिनिटं. आता कळलं ना लेटरहेड कशाला? कोणीही उचललेलं मशीन आणून त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं उघडा, तर?

मग फाईल. मी डेस्कटॉपवरून कट करायला गेलो तर हातावर चापट मारल्यासारखे ओरडले, कट नाही, कॉपी! मी म्हटलं काय फरक पडतो. खूप पडतो म्हणे. एकाच ड्राईव्हमध्ये फाईल कट-पेस्ट केली की ती आपल्या जुन्या परवानग्या अंगावर घेऊनच जाते, जागा बदलते पण वॉचमनचं रजिस्टर जुनंच. कॉपी केली की नवी फाईल तयार होते आणि ती नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. कंपनीच्या मुलाने कट केलं होतं. तो बरोबर फोल्डरमध्येच टाकत होता कदाचित, आणि तरीही ५ येत होता, आणि त्याला वाटलं फाईलच सडकी. बघा म्हणजे.

फोल्डर कुठला ते लिहून ठेवतो, लोकांना लागेल. सी ड्राईव्ह, प्रोग्रॅम फाईल्स, मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर, त्यात एमएसएसक्यूएल१५ डॉट एसक्यूएल एक्सप्रेस (२०१९ असेल तर १५, २०१७ ला १४, २०२२ ला १६), त्यात एमएसएसक्यूएल, त्यात बॅकअप. उघडायला गेलात की विंडोज विचारतं की तुम्हाला परवानगी नाही, कंटिन्यू करायचं का, तिथे कंटिन्यू दाबायचं. त्या फोल्डरवर सर्व्हिसच्या खात्याला आधीपासून हक्क असतात. फाईल तिथे कॉपी केली आणि त्या खिडकीत लगेच दिसायला लागली.

रिस्टोअर मारलं. परत लाल. परत ५!

माझा चेहरा बघून काका पहिल्यांदा हसले. म्हणाले, वाच आता नीट, पत्ता कोणाचा आहे? ३६३४ नंबर होता आणि खाली ३१५६, आणि पत्ता माझ्या बॅक फाईलचा नव्हताच, डी ड्राईव्हवरच्या कुठल्याशा एमडीएफ फाईलचा (डेटाबेसची मुख्य फाईल) होता. तर भानगड अशी की बॅकअपमध्ये फक्त डेटा नसतो, जुन्या मशीनवर डेटाच्या फाईली कुठे ठेवलेल्या होत्या तो पत्ता पण असतो, आणि रिस्टोअर मुकाट्याने त्याच पत्त्यावर लिहायला जातो. आमच्या जुन्या मशीनवर डी मध्ये डेटा नावाचं फोल्डर होतं. नव्यावर त्या मुलाने तसंच फोल्डर बनवलं खरं, पण तिथे लिहायची परवानगी सर्व्हिसला नाही. आधीचा ५ वाचायच्या दाराचा, हा ५ लिहायच्या दाराचा. मग तो एव्हरीवन, फुल कंट्रोल? तो त्याने ड्राईव्हला दिला होता आणि आतल्या फोल्डरला पोचलाच नव्हता, त्या फोल्डरचं इनहेरिटन्स (वरची परवानगी आत उतरणं) बंद होतं. काकांनी पहिलं काम ते एव्हरीवन काढून टाकलं. औषधांचा धंदा करता, गिऱ्हाईकांची नावं, उधाऱ्या सगळं यात, आणि ड्राईव्ह गावाला उघडा? आणि एवढं करून चाललं पण नाही, यावर ते खरंच वैतागले, चष्मा काढून ठेवला.

मार्ग दोन होते. एक, त्या डेटा फोल्डरवर फक्त एसक्यूएलच्या खात्याला परवानगी द्यायची, सिक्युरिटी टॅबमध्ये नाव टाईप करून. इथे अजून एक गोम, ते नाव यादीत शोधून सापडत नाही, पूर्ण टाईप करावं लागतं आणि लोकेशन स्वतःचंच मशीन निवडावं लागतं. आपल्या मशीनवर खात्याचं नेमकं नाव काय ते सर्व्हिसेसच्या खिडकीत लॉग ऑन ॲजच्या रकान्यात दिसतं. दोन, फाईलींचा पत्ताच बदलायचा. काकांनी दुसरं केलं. रिस्टोअर फाईललिस्ट-ओन्ली मारून आधी आत कोणत्या फाईली आहेत ते बघितलं, एक एमडीएफ, एक एलडीएफ (बदलांच्या नोंदींची), आणि मग विथ मूव्ह लावून दोन्ही एसक्यूएलच्या स्वतःच्या डेटा फोल्डरला पाठवल्या. माऊसने करणाऱ्यांसाठी रिस्टोअरच्या खिडकीत फाईल्स नावाचं पान आहे, तिथे रिलोकेट ऑल फाईल्स टू फोल्डरवर टिक करायची, तेच होतं.

१० टक्के, २० टक्के, ३०... खालून चहा आला तोवर १०० टक्के, सक्सेसफुली. मी तो कटिंग दोन घोटात संपवला, जीभ भाजली.

झालं ना? नाही झालं. सॉफ्टवेअर उघडलं तर म्हणे लॉगिन फेल्ड, डेटाबेस उघडता येत नाही, ४०६०. आता मात्र मीच घाबरायचं सोडून नंबर वाचला, काका मान डोलवत होते. हे तिसरं कुलूप. आमचं सॉफ्टवेअर एका ठरलेल्या नावाने एसक्यूएलमध्ये शिरतं. ते लॉगिन सर्व्हरवर असतं आणि डेटाबेसच्या आत त्याच नावाचा युजर असतो, आणि दोघांची गाठ नावाने नाही, आतल्या एका लांबलचक नंबराने बांधलेली असते. नव्या मशीनवर लॉगिन नव्याने बनलं, नाव तेच, नंबर नवीन. बॅकअपमधून आलेल्या युजरकडे नंबर जुना. मी म्हटलं, म्हणजे काका, गोळी तीच, स्ट्रिप तीच, बॅच नंबर वेगळा, म्हणून रिटर्न घेत नाही कंपनी! काका म्हणाले हो, हे तुला मी समजावायची गरज नव्हती. ऑर्फन युजर म्हणतात याला, अनाथ. एका ओळीचं काम, आल्टर युजर, नाव, विथ लॉगिन, परत तेच नाव.

सॉफ्टवेअर उघडलं. मी खिशातून बिलबुकाच्या शेवटच्या कॉपीचा फोटो काढला, शेवटचा बिल नंबर जुळला, रक्कम जुळली. मग एक्स्पायरीचा रिपोर्ट, मग उधारी. शेठना फोन केला, म्हटलं उधारी आहे. तिकडून एवढंच आलं, बरं, पावसात सांभाळून आण.

पैसे १,२००. अठरा हजारांचं काम बाराशेत असं म्हणणार होतो, पण ते चुकीचं होईल, अठरा हजारांचं काम कधी नव्हतंच. आणि बाराशेबरोबर एक कागद दिला. हा कागद म्हणजे माझ्या मते या सगळ्या सर्व्हिसमधली सगळ्यात भारी गोष्ट. हाताने लिहिलेला, फुलस्केप, डावीकडे आलेल्या एररचा नंबर, मध्ये कारण, उजवीकडे काय केलं, आणि खाली कुठली सेटिंग बदलली आणि कुठली परत जागेवर ठेवली. मायनस एम काढलं, अशी वेगळी ओळ आणि त्यापुढे टिक. आमच्या एएमसीवाल्याने सहा वर्षांत काय काय केलं ते विचाराल तर प्रॉब्लेम रिझॉल्व्हड एवढे दोन शब्द आहेत माझ्याकडे.

तक्रारी पण लिहितो, नाहीतर म्हणाल पैसे देऊन लिहून घेतलंय. जिना सांगितला. फोन उचलत नाहीत, मेसेज बघत नाहीत. दुकान १२ च्या आत उघडत नाही आणि दीड ते अडीच जेवण, त्या वेळी दार वाजवलंत तर आतून काहीतरी ऐकू येईल. जीएसटीचं बिल नाही, साधी पावती, आमच्या शेठना त्यावरून दोन दिवस त्रास. मशीन उचलून न्यावंच लागतं, ज्यांचा मोठा सर्व्हर रॅकमध्ये बसवलेला आहे त्यांनी काय करायचं? आणि ओरडतात. मला एकट्याला नाही, सगळ्यांना. माझ्यानंतर एक दवाखान्याचा माणूस आला होता मायएसक्यूएलचा (हा अजून एक डेटाबेस) डम्प घेऊन, १२२७ एरर, सुपर प्रिव्हिलेज पाहिजे म्हणतोय, आणि तो होस्टिंगवाल्याशी सुपर द्या म्हणून दोन दिवस भांडत होता. त्याला काकांनी डम्प उघडून जुन्या मालकाच्या नावाचं डिफायनर दाखवलं आणि म्हणाले, भांडायच्या आधी फाईल एकदा उघडून वाचायला काय झालं होतं? माणूस पन्नाशीचा, डॉक्टर असावा बहुतेक, गप्प ऐकून घेतलं.

अजून एक, जाताना मी विचारलं की जुनं दुसरं मशीन पडलंय, त्यावर एसक्यूएल २०१४ आहे, बॅकअप तिथेपण चढवून ठेवू का? नाही चढणार म्हणाले. २०१४ चा बॅकअप २०१९ वर चढतो, उलटं नाही, ३१६९ येईल. तिथे परवानगीच्या मागे लागून दिवस घालवू नकोस.

महिन्याभराने परत गेलो, या वेळी सीपीयूशिवाय, हलका. झालं होतं असं की मी हुशारी करून रात्रीचा बॅकअप आपोआप व्हावा म्हणून बसलो. एक्सप्रेसमध्ये एजंट (ठरल्या वेळी आपोआप काम करणारा भाग) येत नाही त्यामुळे शेड्यूल आतून लागत नाही, तर विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये एसक्यूएलसीएमडीची (एसक्यूएलला हुकूम द्यायचा प्रोग्रॅम) छोटी बॅट फाईल लावली, आणि जागा दिली झेड ड्राईव्ह, जो शेठच्या मशीनवरचा शेअर केलेला फोल्डर आहे. एरर. ५ नाही, ३, पाथ सापडत नाही. झेड ड्राईव्ह समोर दिसतोय उघडतोय आणि हा म्हणतो सापडत नाही. मी जिना चढता चढताच विचार करत होतो आणि दारात पोचेपर्यंत उत्तर मिळालं होतं, खरंच सांगतो. झेड ड्राईव्ह माझा आहे, मी लॉगिन केल्यावर मला दिसतो. सर्व्हिसला तो ड्राईव्ह असल्याचंच माहीत नाही. काकांना म्हटलं, डिलिव्हरीवाल्याला माझं घर दिसतच नाहीये ना? ते म्हणाले, मग आलास कशाला?

तरी बसवलं, चहा सांगितला, आणि दोन मिनिटांत पद्धत सांगितली. एसक्यूएलला त्याच्या बॅकअप फोल्डरमध्येच लिहू दे, आणि तिथून पुढे शेठच्या मशीनवर कॉपी माझ्या नावाने चालणाऱ्या दुसऱ्या टास्कने, रोबोकॉपीने. तेव्हापासून रोज रात्री साडेनऊला होतंय, आणि पेनड्राईव्ह पण चालूच आहे, सवय. महिन्यातून एकदा त्यातलीच एक फाईल वेगळ्या नावाने रिस्टोअर करून बघतो, शेवटचं बिल जुळवतो आणि उडवून टाकतो. पैसे विचारले तर म्हणाले कसले, उत्तर तूच आणलंस.

तो फुलस्केप कागद शेठनी लॅमिनेट करून भिंतीवर लावलाय, २०बी-२१बीच्या ड्रग लायसन्सच्या फ्रेमशेजारी. परवा एक एमआर बराच वेळ तो वाचत उभा होता आणि मग मला हळूच विचारतो, हे कुठलं नवीन सर्टिफिकेट, आम्हाला पण लागणार का?